मुक्ती मिशन

मुक्ती मिशन ही पुणे जिल्ह्याच्या दौंड तालुक्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाई (२३ एप्रिल १८५८ – ५ एप्रिल १९२२) यांनी स्थापन केलेली ख्रिस्ती सेवासंस्था आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात निराधार झालेल्या स्त्रिया व मुली यांच्यासाठी उभारलेल्या निवाऱ्यातून तिचा विस्तार झाला. ख्रिस्ती धर्मातील प्रीतीचे तत्त्व स्वयंपाकघर, शेत, शाळा आणि छापखाना यांच्या नित्य व्यवहारात उतरवण्याचा प्रयत्न म्हणून या संस्थेचा उल्लेख केला जातो. सेवा आणि धर्मांतर यांच्या परस्परसंबंधाविषयी महाराष्ट्रात झालेल्या वादाशीही तिचा इतिहास जोडलेला आहे.

वैचारिक आधार

बायबलच्या नव्या करारात देवावर प्रीती करणे आणि शेजाऱ्यावर स्वतःप्रमाणे प्रीती करणे या दोन आज्ञा सर्वांत मोठ्या मानल्या आहेत. 'शेजारी' कोण, याचे उत्तर येशूने चांगल्या शोमरोन्याच्या दृष्टान्तातून दिले. त्यानुसार शेजारपण जातीने वा नात्याने ठरत नाही. समोरच्याची गरज ओळखून जो मदतीस धावतो, तो शेजारी. याकोबाच्या पत्रात कृतीवाचून असलेली श्रद्धा निष्फळ ठरवली आहे. प्रीती ही मनातली भावना असून भागत नाही, ती आचरणात दिसली पाहिजे, हा या वचनांचा आशय होय. रमाबाईंच्या कार्यात तो संस्थेच्या रचनेतून प्रकट झाला.

रमाबाईंचा धर्मविचार

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले आणि पुढे मुलीलाही ते शिक्षण मिळाले. १८७० च्या दशकातील दुष्काळात रमाबाईंचे आई-वडील व थोरली बहीण यांचा मृत्यू झाला. भूक आणि निराश्रितपणा त्यांनी स्वतः भोगला होता. पुढील कार्यामागे हा अनुभव होता.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तेथे वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनीसंघाकडे त्यांचे वास्तव्य होते. लंडनमधील फुलहॅम येथे समाजाने 'पतित' ठरवलेल्या स्त्रियांचा सांभाळ भगिनी करीत असल्याचे त्यांनी पाहिले. अशा स्त्रियांना शिक्षा किंवा बहिष्कार न देता मायेने पुन्हा उभे करता येते, ही गोष्ट त्यांना नवी होती. योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथाही त्यांना याच सुमारास समजावून सांगण्यात आली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

तरीही चर्चच्या अधिकाऱ्यांचा प्रत्येक शब्द त्यांनी प्रमाण मानला नाही. धार्मिक बाबतीत स्वतःच्या विवेकाने निर्णय घेण्याचा हक्क त्यांनी पत्रव्यवहारातून ठामपणे मांडला. त्या आयुष्यभर शाकाहारी राहिल्या आणि त्यांनी भारतीय वेष सोडला नाही. ख्रिस्ती होणे म्हणजे युरोपीय होणे नव्हे, हे त्यांच्या राहणीतूनच स्पष्ट होत असे.

शारदा सदन आणि वाद

अमेरिकेतील समर्थकांच्या मदतीने रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन ही विधवांसाठी शाळा व वसतिगृह सुरू केले. पुढील वर्षी ते पुण्यास हलवण्यात आले. तेथे धर्मशिक्षण सक्तीचे नव्हते आणि उच्चवर्णीय हिंदू मुलींना आपले आचार पाळण्याची मुभा होती. न्या. महादेव गोविंद रानडे, रा. गो. भांडारकर यांच्यासारखे सुधारक सल्लागार म्हणून संस्थेशी संबंधित होते.

रमाबाई स्वतःची प्रार्थना दार उघडे ठेवून करीत आणि काही मुली तीस बसू लागल्या. मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळवले जात असल्याचा आक्षेप घेतला गेला. 'केसरी'ने कठोर टीका केली. १८९३ मध्ये सल्लागारांनी संबंध तोडले आणि अनेक पालकांनी मुलींना काढून नेले. शिकण्यासाठी आलेल्या परावलंबी मुलींवर आश्रयदात्रीच्या श्रद्धेचा प्रभाव पडणे अटळ आहे, असे टीकाकारांचे म्हणणे होते. आपण कोणावर सक्ती करीत नाही, परंतु आपली श्रद्धा लपवणारही नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती.

या सदनाचा परिणाम धर्मांतरापुरता मर्यादित नव्हता. सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई या विधवेशी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी विवाह केला. आनंदीबाई कर्वे म्हणून त्या पुढे ओळखल्या गेल्या. त्या हिंदूच राहिल्या आणि विधवांच्या शिक्षणकार्यात त्यांनी पतीला साथ दिली.

केडगाव येथील वसाहत

संस्थेला कायमचे उत्पन्न मिळावे म्हणून रमाबाईंनी केडगाव येथे जमीन घेतली होती. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. रमाबाई तेथे गेल्या आणि उपाशी, आजारी, फसवणुकीच्या तोंडी सापडलेल्या सुमारे ३०० मुली व स्त्रियांना त्यांनी आणले. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्याने इतक्या जणींना शहरात ठेवता येईना. म्हणून केडगावच्या माळावर तात्पुरते निवारे उभारले गेले. तेथेच मुक्ती सदन आकारास आले. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर रहिवाशांची संख्या २,००० च्या घरात गेली.

इतक्या जणींचा संसार चालवणे हे रोजचे काम होते. विहिरी खोदणे, धान्य दळणे, आजाऱ्यांची उशाशी बसून शुश्रूषा करणे आणि नव्याने आलेल्या मुलींना स्वच्छतेच्या सवयी लावणे ही कामे रहिवासी स्त्रियाच करीत. शिक्षणासोबत विणकाम, तेलघाणी, शेती, धुलाई, अक्षरजुळणी व छपाई शिकवली जाई. आश्रित स्त्रीने कायम आश्रित राहू नये, हा त्यामागचा हेतू होता. निरनिराळ्या गरजांसाठी वेगवेगळी सदने होती:

• कृपा सदन – लैंगिक शोषणाला बळी पडलेल्या व समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी.
• प्रीती सदन – वृद्ध व दुर्बल स्त्रियांसाठी.
• बार्तीमी सदन – अंध मुली व स्त्रियांसाठी. मार्काच्या शुभवर्तमानातील अंध भिकाऱ्याचे नाव त्याला दिले आहे. रमाबाईंची कन्या मनोरमाबाई यांनी येथे ब्रेल लिपीचे शिक्षण सुरू केले.
• सदानंद सदन – अनाथ मुलांसाठी.

शारदा सदनात धर्माबाबत तटस्थता होती, तर मुक्ती सदन हे उघडपणे ख्रिस्ती होते. उपासना हा तेथील दिनक्रमाचा भाग होता आणि १९०५ मध्ये प्रार्थनेतून मोठे धार्मिक पुनरुज्जीवन घडून आले.

शासनावरील टीका

प्लेगच्या काळात पुण्यातील सरकारी रुग्णालयात व विलगीकरण छावणीत स्त्रियांची आबाळ होत असल्याचे १८९७ मध्ये रमाबाईंनी वृत्तपत्रातून जाहीरपणे लिहिले. राज्यकर्ते आपल्याच धर्माचे आहेत म्हणून त्यांनी मौन पाळले नाही. हा विषय ब्रिटिश संसदेपर्यंत पोहोचला.

बायबलचे भाषांतर

प्रचलित मराठी बायबलची संस्कृतप्रचुर भाषा अल्पशिक्षित स्त्रियांना कळत नाही, असे रमाबाईंचे मत होते. त्यासाठी त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि मूळ ग्रंथांवरून सोप्या मराठीत भाषांतर केले. अक्षरजुळणी व छपाई मुक्ती सदनातील स्त्रियांनीच केली. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाईंचे निधन झाले, तरी हे काम रमाबाईंनी थांबवले नाही. संपूर्ण बायबल त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

मूल्यमापन

ब्रिटिश सरकारने १९१९ मध्ये रमाबाईंना कैसर-ए-हिंद पदक दिले. भारतीय टपाल खात्याने १९८९ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. देवदत्त नारायण टिळक यांनी त्यांचे मराठी चरित्र लिहिले आहे. उमा चक्रवर्ती व मीरा कोसंबी यांच्या अभ्यासांनी त्यांच्या कार्याकडे नव्याने लक्ष वेधले. धर्मांतरामुळे महाराष्ट्राच्या सुधारणेच्या इतिहासात रमाबाईंना दीर्घकाळ पुरेसे स्थान मिळाले नाही, असे मत या अभ्यासांतून पुढे आले.

सेवा करणाऱ्याने आपली श्रद्धा कितपत प्रकट करावी, हा १८९३ चा प्रश्न आजही सेवासंस्थांपुढे आहे. अन्न, औषध, अक्षर आणि कसब या चार गोष्टी टाकून दिलेल्या स्त्रियांपर्यंत मुक्ती सदनाने पोहोचवल्या, याबद्दल मात्र दुमत नाही. 'पंडिता रमाबाई मुक्ती मिशन' या नावाने संस्थेचे कार्य केडगाव येथे चालू असून निराधार स्त्रिया व मुले यांचा सांभाळ, शिक्षण आणि वैद्यकीय सेवा ही त्याची प्रमुख अंगे आहेत.