कचारगडच्या वाटेवरचा उजेड
गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील कचारगड हे गोंड समाजाचे श्रद्धास्थान. काली कंकालीची तेहतीस मुले येथल्या अंधाऱ्या गुहेत कोंडली गेली होती आणि पारी कुपार लिंगो यांनी ती सोडवली, असे परंपरा सांगते. माघ पौर्णिमेच्या यात्रेला भाविक रेल्वेने दरेकसा स्थानकावर उतरतात, तसेच पिकअप गाड्यांतूनही येतात. जंगलातल्या वळणांवर रात्री सारी भिस्त हेडलाइटवर असते.

मोटारींना सुरुवातीला कार्बाइडचे दिवे होते. मग विजेचे बल्ब आले. १९६२ मध्ये युरोपात हॅलोजन बल्ब निघाला आणि १९७१ मध्ये दोन तारांचा एच-४. ६०/५५ वॅटचा हा बल्ब भारतीय रस्त्यांवर चांगलाच रुळला. उजेड कमी वाटला की १००/९० वॅटचा बल्ब बसवण्याची रीत पडली. त्याच्या उष्णतेने होल्डर वितळू लागले. त्याहून शहाणपणाची जोडणी रिलेची, म्हणजे बल्बला थेट बॅटरीशी जोडणाऱ्या विद्युत खटक्याची. जाड वायरीतून बॅटरीची पूर्ण वीज मिळाली, की तोच बल्ब अधिक प्रखर जळतो.

अलीकडे एलईडी आली. हॅलोजनसाठी घडवलेल्या परावर्तकात ती बसवली, तर झोत विखुरतो आणि पायी चालणाऱ्या यात्रेकरूचेही डोळे दिपतात. पिकअपमध्ये मागे माणसे वा माल भरला, की पुढचा भाग उचलला जातो. म्हणून झोताचा कोन भरलेल्या गाडीवर तपासावा लागतो.