अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची पूर्वपदे

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी त्या पदावर येण्यापूर्वी भूषविलेली राजकीय व प्रशासकीय पदे. राज्यघटनेच्या दुसऱ्या अनुच्छेदात उमेदवारासाठी तीनच अटी आहेत : जन्मसिद्ध नागरिकत्व, वयाची ३५ वर्षे पूर्ण आणि देशात १४ वर्षांचे वास्तव्य. पूर्वी एखादे पद सांभाळलेले असावे, अशी अट नाही. तरीही बहुतेक अध्यक्ष पायऱ्या चढतच वर आले. प्रचलित याद्या प्रत्येकाचे सर्वोच्च पद नोंदवून थांबतात. नगरपालिका व काउंटी पातळीवरील पदे त्यांतून गळतात. या नोंदीत त्यांना जाणीवपूर्वक अधिक जागा दिली आहे, कारण माणसाची कारभाराची रीत तिथेच प्रथम दिसते.

उपाध्यक्षपद : १५ उपाध्यक्ष पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांपैकी आठ जण अध्यक्षाच्या मृत्यूमुळे, तर जेराल्ड फोर्ड निक्सन यांच्या राजीनाम्यामुळे (१९७४) पदावर आले. उपाध्यक्षपदी असताना थेट निवडून येणारे चारच : जॉन ॲडम्स, जेफर्सन, व्हॅन ब्युरेन व थोरले बुश. निक्सन व बायडेन काही वर्षांच्या खंडानंतर निवडून आले. १८४१ मध्ये हॅरिसन यांच्या निधनानंतर जॉन टायलर हे पूर्ण अध्यक्ष की केवळ कार्यवाहक, यावर बराच वाद झाला. टायलर यांनी पूर्ण अधिकाराचा आग्रह धरला आणि तोच प्रघात पडला. घटनेत तो स्पष्टपणे यायला १९६७ ची २५ वी दुरुस्ती व्हावी लागली.

परराष्ट्रमंत्रिपद : जेफर्सन, मॅडिसन, मन्रो, जॉन क्विन्सी ॲडम्स, व्हॅन ब्युरेन व ब्युकॅनन. १८५७ मध्ये अध्यक्ष झालेल्या ब्युकॅनन यांच्यानंतर एकही नाही.

गव्हर्नरपद : घटकराज्याचा गव्हर्नर हा लोकनियुक्त कार्यकारी प्रमुख असतो, भारतातील राज्यपालाप्रमाणे तो केंद्राने नेमलेला नसतो. एकूण १७ अध्यक्षांनी हे पद भूषविले होते. प्रदेशांचे नियुक्त गव्हर्नर (इंडियाना प्रदेशाचे विल्यम हेन्री हॅरिसन, फ्लॉरिडाचे अँड्र्यू जॅक्सन, फिलिपीन्सचे टाफ्ट) धरल्यास हा आकडा वाढतो. १९७७ ते २००९ या काळातील पाचपैकी चार अध्यक्ष माजी गव्हर्नर होते : कार्टर, रेगन, क्लिंटन व धाकटे बुश.

स्थानिक पदे : ग्रोव्हर क्लीव्हलंड (१८३७–१९०८) यांचे उदाहरण सर्वांत ठळक आहे. १८७१ ते १८७३ या काळात ते न्यूयॉर्क राज्यातील ईरी काउंटीचे शेरीफ होते. मुंबईच्या शेरीफसारखे हे मानाचे पद नव्हते. तुरुंग, वॉरंट व फाशीची अंमलबजावणी हे त्याचे काम होते. दोन कैद्यांच्या फाशीचा खटका त्यांनी स्वतः ओढला. थोडे पैसे देऊन हे काम हाताखालच्या माणसावर सोपविण्याची मुभा असूनही त्यांनी ते टाळले नाही. १८८२ मध्ये ते बफलोचे महापौर झाले. रस्तेसफाईचे कंत्राट नगर परिषदेने सर्वांत कमी बोलीपेक्षा सुमारे एक लाख डॉलर महाग असलेल्या ठेकेदाराला दिले होते. क्लीव्हलंड यांनी जूनमध्ये तो ठराव कडक शब्दांत नाकारला आणि परिषदेला माघार घ्यावी लागली. या एका नकाराधिकाराने त्यांचे नाव राज्यभर झाले. जानेवारी १८८३ मध्ये ते न्यूयॉर्कचे गव्हर्नर आणि मार्च १८८५ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. १८८४ च्या निवडणुकीत त्यांनी हरविलेले जेम्स ब्लेन हे प्रतिनिधिगृहाचे माजी सभापती व माजी परराष्ट्रमंत्री होते.

हॅरी ट्रूमन मिझुरीतील जॅक्सन काउंटीचे ‘जज्ज’ होते (१९२३–२५, प्रमुख जज्ज १९२७–३५). पदनाम न्यायाधीशाचे असले, तरी काम रस्ते, इमारती व काउंटीचा हिशेब सांभाळण्याचे होते. १९२४ ची निवडणूक ते हरले. कॅन्सस सिटीतील पेंडरगास्ट यांच्या राजकीय यंत्रणेचा त्यांना पाठिंबा होता. त्याचा त्यांच्या कारभारावर किती परिणाम झाला, याबाबत चरित्रकारांत एकमत नाही. रोखे काढून बांधलेल्या पक्क्या रस्त्यांचे श्रेय मात्र सर्वच देतात. पुढे उपाध्यक्षपदी ते अवघे ८२ दिवस होते. काउंटीतील दहा वर्षे त्यांच्या घडणीत नक्कीच मोलाची ठरली.

कॅल्विन कूलिज यांनी जवळजवळ एकही पायरी गाळली नाही : नॉर्थॅम्प्टनचे नगरसेवक, नगराचे वकील, महापौर, राज्य विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांचे सदस्य, मॅसॅच्युसेट्सचे उपगव्हर्नर, गव्हर्नर व उपाध्यक्ष. अँड्र्यू जॉन्सन टेनेसीतील ग्रीनव्हिलचे महापौर होते. लिंकन १८३३ ते १८३६ या काळात न्यू सेलमचे पोस्टमास्तर होते.

काँग्रेस : सेनेटमधून थेट निवडून आलेले तीनच : हार्डिंग (१९२०), केनेडी (१९६०) व ओबामा (२००८). प्रतिनिधिगृहातून थेट आलेले एकमेव गारफील्ड (१८८०). त्या वेळी सेनेटवरही त्यांची निवड झालेली होती, पण ती जागा त्यांनी घेतली नाही. सभापतिपद भूषविलेले अध्यक्ष जेम्स पोक हे एकटेच.

निर्वाचित पदाविना : टेलर, ग्रँट व आयझेनहॉवर हे सेनानी. हूव्हर व्यापारमंत्री होते. आर्थर यांच्याकडे उपाध्यक्षपदापूर्वी न्यूयॉर्क बंदराच्या जकात कलेक्टरचे नियुक्त पद होते. २०१७ मध्ये पहिल्यांदा पदावर आलेल्या ट्रम्प यांनी त्यापूर्वी कोणतेही सरकारी वा लष्करी पद भूषविले नव्हते.

राजदूतपदे : दोन्ही ॲडम्स, जेफर्सन, मन्रो, व्हॅन ब्युरेन, विल्यम हेन्री हॅरिसन, ब्युकॅनन, विसाव्या शतकात थोरले बुश (संयुक्त राष्ट्रे, १९७१–७३).