विहारयात्रा आणि धम्मयात्रा : सोपाऱ्याचे दोन दगड

रोम शहर पाहायला गेलेल्या प्रवाशाला अर्ध्या दिवसात कलोसियम, फोरम आणि पॅलाटाइनची टेकडी दाखवून मोकळे करतात. वाटाड्या पुढे चालतो, मागून माणसे चालतात, आणि सम्राटांची नावे एकामागून एक कानावर पडत जातात. कलोसियम इ. स. ८० मध्ये खुले झाले. त्याच्या रिंगणाखालची तळघरे आज उघडी दिसतात. वर येऊन मरण्यासाठी श्वापदे आणि माणसे तिथे आणून ठेवत. त्यांतल्या बहुतेक माणसांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत, म्हणून वाटाड्याही ती सांगत नाही. शहराबाहेर पडणारा आपियन मार्ग पाहायला लोक हौसेने जातात. इ. स. पूर्व ७१ मध्ये स्पार्टाकसचे बंड मोडल्यावर सहा हजार गुलामांना याच मार्गाच्या कडेने, कापुआपासून रोमपर्यंत, क्रुसावर टांगले होते. आणि फोरमच्या एका टोकाला टायटसची कमान आहे. जेरुसलेमचे मंदिर लुटून आणलेल्या वस्तूंची मिरवणूक तिच्यावर कोरलेली आहे. रोममधले यहुदी शतकानुशतके त्या कमानीखालून गेले नाहीत. वळसा घालून गेले. जिंकणाऱ्यांचे स्मारक पाहण्याची हरलेल्यांची ही स्वतःची रीत होती.

आपण आपली अशी काही रीत ठरवली आहे काय, हा प्रश्न पडण्यासाठी रोमला जाण्याची गरज नाही. पालघर जिल्ह्यातल्या राजोडीच्या किनाऱ्यावर उभे राहिले तरी पुरे. सुट्टीच्या दिवशी मुंबईहून माणसे इथे समुद्र पाहायला येतात. त्यांतली काही थोडी पुढे नाळे ओलांडून सोपाऱ्याकडे वळतात, कारण तिथे 'प्राचीन बंदर' आहे असे त्यांनी कुठेतरी ऐकलेले असते. वसईचा किल्ला, १७३९ चा चिमाजी आप्पांचा विजय आणि मग उरलेल्या वेळात सोपारा, असा बहुधा त्या अर्ध्या दिवसाचा क्रम असतो. सोपाऱ्याच्या वाट्याला येतो तो उरलेला वेळ.

आणि त्या उरलेल्या वेळात सांगतात ते रोमचे वैभव. ते खोटे नव्हे. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरी मार्गदर्शिकेत भडोचच्या दक्षिणेची बंदरे सांगताना सुप्पारा आणि कल्लियेना, म्हणजे आपले सोपारा आणि कल्याण, ही नावे येतात. टॉलेमीलाही सोपारा ठाऊक आहे. दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स एवढे धन हिंदुस्थान ओढून नेतो, अशी तक्रार रोमच्या प्लिनीने त्याच शतकात करून ठेवली. कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली समुद्रदेवतेची काशाची मूर्ती त्याच व्यापाराची साक्ष देते. कार्ल्याच्या चैत्यगृहातले खांब देणाऱ्यांत धेनुकाकटचे यवन आहेत. त्यांच्याबरोबरच सोपाऱ्याचा सातिमित नावाचा भाणक, म्हणजे धम्मवचने मुखोद्गत करून म्हणणारा भिक्खू, तोही आहे. नाणेघाटातले पाण्याचे एक टाके सोपाऱ्याच्या गोविंददासाने दिलेले आहे. वैतरणा आणि वसईची खाडी यांच्यामधल्या ज्या पाण्यावर हे बंदर उभे होते ते गाळाने भरले आणि बंदर गेले.

पण आपल्या प्राचीनतेची किंमत परक्याने आपले नाव घेतले म्हणून वाढते, असे मानण्याची सवय आपल्या इतिहासकारांना फार दिवसांची आहे. रोमन जहाज आले म्हणून सोपारा मोठे; जहाजात माल चढवणारा कोण होता, हे विचारायचे नाही. स्तूपावर उभे राहूनही रोमच सांगायचे, तर पायाखालची वीट कशाची आहे ते कधी सांगणार?

ती वीट बुरूड राजाच्या कोटाची आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी एप्रिल १८८२ मध्ये सोपाऱ्यास आले, तेव्हा गावकरी या टेकाडाला 'बुरूड राजाचा कोट' म्हणत होते. पंडितजींनी ते खोदले. मधोमध विटांच्या कोठीत दगडी पेटी निघाली. तिच्यात तांब्याचा करंडक, त्याच्या आत चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. सोन्याच्या करंडकात काय होते? मातीच्या भांड्याच्या तेरा खापऱ्या. ते तथागतांच्या भिक्षापात्राचे तुकडे असावेत, असे पंडितजींनी मानले. सोबत सोन्याची फुले आणि यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे. तांब्याच्या करंडकाभोवती आठ काशाच्या मूर्ती होत्या : सात मागील बुद्ध आणि आठवा मैत्रेय. या मूर्तींची घडण आठव्या-नवव्या शतकाची आहे. म्हणजे दुसऱ्या शतकातला हा स्तूप पुढे सहाशे वर्षांनी कोणीतरी श्रद्धेने उघडला, मूर्ती ठेवल्या आणि पुन्हा मिटला. धम्म या किनाऱ्यावर किती काळ नांदला याचा हा धडधडीत पुरावा आहे. सहलीत मात्र यातले 'सोन्याचा करंडक' एवढेच शब्द लोकांच्या लक्षात राहतात. पाच आवरणांच्या आत, सोन्याच्याही आत, भिक्षा मागणाऱ्याची मातीची खापरी होती, हे कोणी थांबून सांगत नाही.

आता या नावाचा विचार करू. महाराष्ट्रात बौद्ध लेणी दिसली की ती पांडवांच्या नावे करायची, हा रिवाज आहे. नाशिकची लेणी पांडवलेणी झाली. तिथल्या भिक्खूंना आपल्याच विहारात परके व्हावे लागले. सोपाऱ्याचे टेकाड मात्र पांडवांना मिळाले नाही. लोकांनी ते बुरुडाला दिले. बुरूड म्हणजे बांबू फोडून टोपल्या, सुपे, हारे विणणारा. महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत त्याचे नाव आहे. राजा म्हटले की क्षत्रिय आणि कोट म्हटला की त्याचा, अशी शिकवण हजार वर्षे दिलेल्या समाजाने बुरुडाला राजा का म्हटले असावे? बुद्ध या शब्दाचे बुरूड झाले, असा शब्दांचा खेळ मला करायचा नाही. पण शूर्पारक या गावाच्या नावातच शूर्प आहे, पाली सुप्पारकातही सुप्प आहे, आणि शूर्प म्हणजे आपले सूप. सूप विणतो बुरूड. बारशाला आणि लग्नाला सूप शुभ, विणणारा मात्र उंबऱ्याबाहेर, ही आपल्या संस्कृतीची जुनी चतुराई. गावाचे नाव सुपावरून आणि गावाचा राजा सूप विणणारा, एवढा धागा लोकस्मृतीने न तोडता ठेवला. दुसऱ्या बाजूला पोथीतली कथा आहे : समुद्राने मागे हटून परशुरामाला शूर्पारकाची भूमी दिली. तीही जुनी आहे. नाशिकच्या लेण्यातल्या उषवदाताच्या लेखात शोर्पारगच्या रामतीर्थाचा उल्लेख येतो, आणि हा उषवदात ब्राह्मणांनाही दाने देतो, भिक्खूंनाही. म्हणजे दोन्ही स्मृती एका गावात शेजारी नांदत होत्या. पुढे एकीला पुराण मिळाले, दुसरीला नुसते टेकाड. १८८२ ला ते टेकाड उपसताना माती वाहायला टोपल्या लागल्याच असतील. त्या कोणी विणल्या हे सांगायला नको.

याच गावाची आणखी एक कथा आहे, आणि ती आपल्या मुलांना शाळेत कोणी सांगत नाही. 'दिव्यावदाना'त शूर्पारकच्या भव नावाच्या धनिकाची गोष्ट येते. तो आजारी पडला तेव्हा बायको-मुलांनी टाकले आणि एका दासीने त्याची शुश्रूषा केली. त्या दासीचा मुलगा पूर्ण. बापाच्या पश्चात भावांनी वाटण्या केल्या : एकाला घर आणि शेत, एकाला दुकान आणि परदेशचा माल, आणि एकाच्या वाट्याला पूर्ण. दासीपुत्राला वाटा मिळत नाही. तो स्वतःच वाटा असतो. असला हिशेब गुलामीच्या पोटीच जन्मतो. हाच पूर्ण पुढे लाकडाच्या मोळीतून अमोल चंदन ओळखून श्रीमंत झाला, जहाजांवर गेला, श्रावस्तीच्या व्यापाऱ्यांच्या तोंडून बुद्धवचने ऐकून संघात शिरला आणि धम्म सांगायला आपल्याच अपरान्तातल्या माणसांत परतला. त्या वेळचा त्याचा आणि तथागतांचा संवाद पाली सुत्तातही आहे. लोक तुला शिव्या देतील. मारले नाही हे त्यांचे चांगुलपण, असे मी मानीन. मारतील, शस्त्र उचलले नाही हे चांगुलपण. जीव घेतील, तर तेही. या उत्तरांत लाचारी पाहणारे आपल्यातही आहेत. मला तसे वाटत नाही. जो माणूस एकदा वाटणीत वस्तू म्हणून मोजला गेला, त्याने मारणाऱ्याला माणूस म्हणून मोजायचे ठरवले, यात वरचढ कोण ठरले?

अवशेष पाहायला जाणे ही आपल्या लोकांना सहज मिळालेली गोष्ट नाही, हेही या निमित्ताने आठवले पाहिजे. १९३४ साली बाबासाहेब आंबेडकर तीसेक सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या मंडळींनी किल्ल्याच्या दारातल्या हौदावर हातपाय धुतले. एक म्हातारा मुसलमान ओरडत धावला की अस्पृश्यांनी पाणी बाटवले. जमाव जमला, शिवीगाळ सुरू झाली. अस्पृश्य मुसलमान झाला तरी त्याला पाण्यापासून अडवाल काय, असे बाबासाहेबांनी विचारले, तेव्हा जमाव गप्प झाला. शेवटी किल्ला पाहायची परवानगी मिळाली ती एका अटीवर : आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. अट पाळली जाते की नाही हे पाहायला एक सशस्त्र शिपाई बरोबर दिला. रोममध्ये प्रवाशापुढे वाटाड्या चालतो. आमच्याबरोबर बंदूक चालली. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे.

आता ज्या दोन दगडांसाठी हा लेख लिहायला घेतला त्यांच्याकडे येतो. १८८२ मध्येच भगवानलालांना सोपाऱ्यात भटेला तळ्याजवळ अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडा मिळाला. तो आठव्या लेखाचा आहे. लेखाचा पूर्ण मजकूर गिरनार, कालसी वगैरे ठिकाणच्या प्रतींवरून आपल्याला माहीत आहे, आणि त्याचा विषय आहे सहल! पूर्वीचे राजे विहारयात्रेला, म्हणजे मौजेला, शिकारीला निघत, असे तो लेख सांगतो. अशोक राज्याभिषेकानंतर दहाव्या वर्षी संबोधीला, बोधिवृक्षाकडे गेला आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. धम्मयात्रेत काय करायचे? श्रमण-ब्राह्मणांना भेटायचे, वृद्धांना भेटून मदत द्यायची, आणि जनपदातल्या माणसांचे दर्शन घ्यायचे, त्यांच्याशी धम्माविषयी बोलायचे. शब्द दर्शनाचा आहे, आणि दर्शन घेणारा राजा आहे. प्रजेने राजाचे दर्शन घ्यावे हा जगाचा नियम, तो इथे उलटा केला आहे. सोपाऱ्याला येऊन दगडांचे दर्शन घेणाऱ्या आणि आसपासच्या वस्तीकडे न पाहता परतणाऱ्या सहलींबद्दल याहून नेमके कोणी काय लिहिणार? बुद्धपौर्णिमेला स्तूपावर फुले वाहून, छायाचित्रे काढून लगबगीने लोकल गाठणारे आपले बांधवही यातून सुटत नाहीत.

दुसरा तुकडा राजोडीच्या दक्षिणेला, भुईगावात मिळाला. तो शोधला ना. अ. गोरे यांनी, १९५६ साली. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात दीक्षा झाली. हा योगायोग आहे, त्याला चमत्काराचा रंग देण्याचे कारण नाही. हा नववा लेख. आजारपण, लग्न, मुलाचा जन्म, प्रवास अशा वेळी लोक नाना प्रकारची मंगलकृत्ये करतात; ती करावीत, पण त्यांचे फळ थोडे, असे त्यात आहे. फळ मोठे ते धम्ममंगलाचे, आणि धम्ममंगलात पहिले काय सांगितले? दास आणि भृतक, म्हणजे गुलाम आणि मजुरीचे नोकर, यांच्याशी नीट वागणे. गुरूंचा आदर, प्राणिमात्रांविषयी संयम, दान हे नंतर. अशोकाने दास्य नष्ट केले नाही, हेही इथेच म्हटले पाहिजे. सम्राटाच्या दयेला कायद्याची धार नव्हती. तरी ज्या बंदरात दासीचा मुलगा वाटणीत मोजल्याची कथा सांगितली गेली, त्याच बंदरात दासाचे नाव राजाज्ञेत कोरले गेले, याला मोल आहे.

आणि हा लेख कुठल्या मुलखात उभा होता? पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यात, ज्यातून २०१४ साली पालघर वेगळा झाला, तिथे 'लग्नगडी' हा शब्द होता. लग्नाच्या खर्चासाठी वारली गडी सावकाराकडून कर्ज काढी आणि ते फेडण्यासाठी नवरा-बायको दोघे त्याच्या शेतावर राबत; फिटत काही नसे. गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली १९४५ साली तलासरी-डहाणूकडचे वारली उठले ते या वेठीविरुद्ध. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ साली झाला. त्यानंतरही याच वसई तालुक्यात वेठबिगार होते. त्यांच्या मुक्तीच्या लढ्यातून १९८२ मध्ये श्रमजीवी संघटना उभी राहिली, स्तूप खोदला त्याला बरोबर शंभर वर्षे झाल्यावर. स्तूपाच्या शताब्दीचा विचार करताना ही दुसरी तारीख कोणाच्या मनात येत नाही. लग्नातल्या मंगलकृत्याचे फळ थोडे, दासांशी नीट वागण्याचे मोठे, असे ज्या भूमीत दगडावर लिहिले होते, तिथे लग्नानेच माणूस दास होत राहिला. सोपाऱ्याचा इतिहास सांगायचा तर यवनांच्या जहाजांइतकाच लग्नगडीही त्यात आला पाहिजे.

दोन्ही शिलाखंड आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत आणि स्तूपातला ठेवा एशियाटिक सोसायटीकडे गेला. राजोडीहून निघालेल्या माणसाला भुईगावचा दगड पाहायचा असेल तर नालासोपाऱ्याला लोकल धरून चर्चगेटला उतरावे लागते.