साथ, सत्ता आणि राजधर्म

नया नगरच्या उत्तरेस, वसईच्या खाडीपलीकडील सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा अंश १८८२ साली सापडला. याच राजाने तेराव्या लेखात कलिंगात एक लक्ष मनुष्ये मारली गेल्याचे अनुतापपूर्वक नोंदविले. दुसऱ्यात मनुष्य व पशूंच्या चिकित्सेची व्यवस्था सांगितली. याउलट १८९७च्या साथरोग कायद्याने सद्हेतूने वागणाऱ्या अधिकाऱ्यास खटल्यापासून अभय दिले. पुण्यात रँडच्या अमलात प्लेगच्या झडतीसाठी सैनिक घरांत शिरले. त्याच वर्षी प्लेगरुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले निवर्तल्या. २०२० साली महाराष्ट्रात हाच कायदा पुन्हा लागू झाला. दशराजधर्मांत अविहिंसेसोबत अविरोधही आहे. म्हणून केवळ सद्हेतू पुरेसा नव्हे. आपल्या कृतीने झालेले दुःख सत्तेने स्वतः मोजून सांगावे, असे आम्हांस वाटते.