न्यूगेटच्या किल्ल्या

या, आत या. डोकं सांभाळा, कमान ठेंगणी आहे. बाहेर नोव्हेंबरचं बोचरं धुकं आणि आत ही अंगावर येणारी ओलसर वाफ! साल 1724, शहर लंडन. रस्त्यावर आडवी उभी असलेली जुनी वेस हाच न्यूगेटचा तुरुंग. कमानीखालून गाड्या खडखडत जातात, खाटकांची पोरं ओरडतात आणि वर माणसं कोंडलेली असतात. आजपासून तुम्ही इथले किल्लीवाले.

नाक दाबू नका. सवय व्हायचीच आहे, ती आजच होऊ दे. कुजलेलं गवत, मूत, आंबलेली बिअर, चरबीच्या मेणबत्त्यांचा धूर आणि महिनोन्‌महिने न धुतलेली अंगं असा सगळा मिळून हा वास आहे. रात्री घरी जाल तेव्हा तो तुमच्या कोटातून येईल आणि बायको तुम्हाला दारातच थांबवेल. पायाखाली काय कुरकुरतंय ते खाली वाकून बघू नका. त्या उवा आहेत. त्यांच्यातूनच तुरुंगाचा ताप पसरतो, पण हे अजून कुणाला ठाऊक नाही. सगळे दोष देतात तो वासाला, आणि व्हिनेगर शिंपडून निश्चिंत होतात. त्या तापानं फाशीपेक्षा जास्त कैदी मरतात आणि तो शिपायांनाही सोडत नाही.

हा जुडगा घ्या, कमरेला अडकवा. जड आहे ना? संध्याकाळपर्यंत कंबर ठणकायला लागेल. आता पगाराचं विचाराल. सरकारकडून छदामही मिळणार नाही. मुख्य जेलरनं ही जागा पैसे मोजून मिळवलीय. ते पैसे त्याला कैद्यांकडून वसूल करायचेत आणि तुमचं पोटही त्याच वाटेनं भरायचंय. जवळच्या फ्लीट तुरुंगाची जेलरकी तर चार वर्षांनी 5,000 पौंडांना विकली जाईल. एवढे पैसे ओतणारा माणूस कैद्याकडे कोणत्या नजरेनं बघेल, सांगा!

चला, कामाला लागा. नवा कैदी आलाय. त्याचा पाय ऐरणीवर ठेवा, कडं बसवा, खिळा घाला आणि हातोडा मारा. पहिल्या घावाला तो डोळे मिटतो. घाव चुकला तर नडगीच फुटायची, म्हणून तुमच्याही हाताला घाम सुटलाय. आवाज दगडी भिंतींवर आपटून थेट दातांत घुमतो. बेडी हलकी हवी असेल तर दर वेगळा. बिछाना हवाय? त्याचे पैसे. दारूचे पैसे तर आलेच. ज्याच्याकडे दमडी नाही, त्यानं दगडावर झोपायचं. वरच्या कोठडीत जुने कैदी त्याची वाट बघतायत. रिवाजाप्रमाणे ते नव्याकडून दारूसाठी पैसे मागतात आणि मिळाले नाहीत तर अंगावरचा कोट काढून घेतात. तो आरडाओरडा तुम्हाला ऐकू येईल. वर जायचं की नाही, हे तुम्ही ठरवा.

आज गर्दी जास्त आहे ती जॅक शेपर्डमुळे. हा सुतारकामाचा उमेदवार पोरगा वयाच्या बाविसाव्या वर्षी याच तुरुंगातून दोनदा पळाला. दुसऱ्यांदा तर हातकड्या सोडवून धुराड्यात शिरला, एकामागून एक दारं उघडत छपरावर पोचला, घोंगडीसाठी पुन्हा खाली कोठडीत आला आणि मग शेजारच्या घरावर उतरला! आता त्याच्या अंगावर 300 पौंडांचं लोखंड आहे. रेशमी झगे, अत्तर लावलेले रुमाल, सगळे पैसे देऊन त्याला बघायला येतायत. राजाचा चित्रकार जेम्स थॉर्नहिलही त्याचं चित्र काढून गेला. दार उघडा, पैसे घ्या, दार लावा. जॅक सगळ्यांशी हसून बोलतो. येत्या 16 तारखेला त्याला टायबर्नला फाशी देतील.

पण मला तुम्हाला जॅक दाखवायचा नव्हता. दाराजवळ तो दुसरा माणूस उभा आहे, त्याच्याकडे बघा. पंचांनी त्याला निर्दोष सोडलंय. शेजारच्या ओल्ड बेलीच्या न्यायालयातून तो सुटून आला, पण सुटकेची फी द्यायला त्याच्याकडे पैसे नाहीत. म्हणून तो परत आत जाणार. कुलूप कुणी लावायचं? तुम्ही. लावा. किल्ली गंजलीय, दोन्ही हातांनी फिरवावी लागेल.

या कुलपाचा खरा जाब पुढे जॉन हॉवर्डनं विचारला. 1773 मध्ये तो बेडफर्डशायरचा शेरीफ झाला आणि निर्दोष सुटलेली माणसं फीपायी कोंडलेली बघून त्यानं मागणी केली की, जेलरला फीऐवजी पगार द्या. न्यायाधीश म्हणाले, आधी कुणी असं केल्याचा दाखला आणा. हा दाखला शोधायला तो घोड्यावरून शेजारच्या परगण्यांत हिंडला आणि सगळीकडे त्याला हाच अन्याय दिसला. पुढच्याच वर्षी निर्दोष सुटलेल्यांची फी कायद्यानं बंद झाली. उरलेल्यांची फी बंद व्हायला 1815 साल उजाडलं. तोवर हॉवर्डला जाऊन पंचवीस वर्षं झाली होती.