खापरांच्या दोन टेकड्या

रोम शहराच्या दक्षिणेला, टायबर नदीजवळ मोन्ते तेस्ताच्चो नावाची टेकडी आहे. उंची साधारण ३५ मीटर, घेर जवळजवळ एक किलोमीटर, अंगावर गवत आणि झुडपे. पण थोडे उकरले की हाती खापरेच लागतात, कारण ही सगळी टेकडी फुटक्या कुंभांची आहे. स्पेन आणि उत्तर आफ्रिकेतून ऑलिव्हचे तेल मातीच्या मोठ्या कुंभांतून यायचे. एकेका कुंभात ७० लिटरच्या आसपास तेल मावायचे आणि रिकामा कुंभच ३० किलोचा असायचा. तेल मातीत मुरले की खवट वास सुटे, मग कुंभ दुसऱ्या कामाचा उरत नसे. तो फोडायचा, तुकडे रचायचे, वास मारायला वर चुना टाकायचा. इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून तिसऱ्या शतकापर्यंत हे चालले. कित्येक तुकड्यांवर तेलाचे वजन आणि व्यापाऱ्याचे नाव शाईने लिहिलेले आजही वाचता येते.

दिल्लीतही माणसांच्या राबत्याने घडलेली अशी एक टेकडी आहे. मथुरा रोडवर, प्राणिसंग्रहालयाला लागून. लोक तिला पुराना किल्ला म्हणतात आणि हुमायून, शेरशाहाच्या आठवणी सांगतात. तटबंदी त्यांची खरी, पण आतली जमीन उंच झाली ती त्यांच्या कितीतरी आधीपासून. घर पडले की त्याच ढिगाऱ्यावर दुसरे बांधायचे, हा क्रम इथे दोन हजार वर्षांहून अधिक काळ चालला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तटाच्या आत इंद्रपत नावाचे गाव नांदत होते.

ब्रजबासी लाल यांनी १९५४-५५ साली इथे पहिल्यांदा खणले, मग १९६९ ते १९७३ या काळात मोठे उत्खनन झाले. अलीकडे वसंतकुमार स्वर्णकार यांच्या देखरेखीखाली २०१३-१४, २०१७-१८ आणि २०२३ मध्ये पुन्हा खणले गेले. वर्तमानपत्रांतली चर्चा बहुतेक वेळा एकाच प्रश्नाभोवती फिरते: पांडवांचे इंद्रप्रस्थ ते हेच का? त्या प्रश्नाच्या धामधुमीत मधले थर दुर्लक्षित राहतात. त्यातला एक थर कुषाण काळाचा, म्हणजे रोमच्या भरभराटीचा. त्या थरात भाजक्या विटांची घरे आहेत, ठसे उमटवलेली तांबडी भांडी आहेत, तांब्याची नाणी आहेत. रोममध्ये तेलाचे कुंभ फुटत होते, तेव्हा यमुनेकाठी ही भांडी फुटत होती.

रोमच्या रोजच्या जगण्याविषयी सर्वात जास्त सांगतात ती व्हेसुव्हियस ज्वालामुखीने इ. स. ७९ मध्ये गाडलेली गावे. पॉम्पेई हे तसे मध्यम गाव, पण तिथे तिसाहून अधिक भट्ट्या सापडल्या. गोल पाव, त्यावर सुरीने पाडलेल्या आठ फोडींच्या रेघा. शेजारच्या हर्क्युलेनियममधला एक पाव जळून कोळसा झाला, पण त्यावरचा शिक्का टिकला आहे. त्या शिक्क्यात क्विंटस ग्रॅनियस व्हेरस या मालकाचे नाव आहे आणि त्याच्या केलेर नावाच्या गुलामाचेही. मोठमोठ्या सरदारांची नावे पुसली गेली आणि एका गुलामाचे नाव पावावर राहिले. रोमचे वैभव कोणाच्या हातांवर उभे होते, ते या एका वस्तूत दिसते.

रोमचा सामान्य माणूस बहुमजली चाळीवजा इमारतीत एखाद-दुसऱ्या खोलीत राहायचा. चूल बहुधा नसायचीच. म्हणून तो रस्त्यावरच्या खाणावळीत जायचा. तिथे दगडी ओट्यात रांजण पुरलेले असत. पॉम्पेईच्या एका भिंतीवर दारूचे दर खरडलेले आहेत: आस नावाच्या एका नाण्यात साधी, दोनमध्ये बरी, चार मोजली तर फालेर्नियन ही नावाजलेली. जोडीला मासे मिठात मुरवून काढलेला गारुम नावाचा रस, जो जवळजवळ प्रत्येक पदार्थात पडायचा. पॉम्पेईच्या ऑलुस उम्ब्रिकियुस स्काउरुस याने त्या धंद्यात इतका पैसा केला की घराच्या फरशीवर त्याने आपल्या रसाच्या बरण्यांचीच चित्रे जडवून घेतली.

आणि मिरी. आपिकियुसच्या नावाने चालत आलेल्या पाकपुस्तकात मिरीशिवाय पान हलत नाही. काळी मिरी केरळची, हे सर्वांना माहीत असते. पिंपळीची गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. रोमन लेखक प्लिनीने दिलेल्या दरांनुसार काळी मिरी पौंडाला चार दिनार, तर पिंपळी १५ दिनार. रोमन पौंड म्हणजे सुमारे ३३० ग्रॅम. त्या काळी रोमन सैनिकाचा वर्षाचा पगार २२५ दिनार होता. म्हणजे एवढ्याशा पिंपळीला त्याची तीन आठवड्यांहून अधिक कमाई लागायची. आपल्याकडे आजी जी मधात उगाळून चाटवते, तीच ही पिंपळी.

ही पिंपळी भडोचच्या बंदरातून जायची. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात भडोचची आयात-निर्यात नोंदलेली आहे. आत येणाऱ्या मालात इटलीची दारू, तांबे, कथील, पोवळे, काच. बाहेर जाणाऱ्या मालात हस्तिदंत, अकीक, कापड, जटामांसी, कोष्ठ, गुग्गुळ. पैठणहून गाड्यांतून अकीक यायचा आणि तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरहून साधे कापड. मराठवाड्याच्या बैलगाड्या या व्यापाराचा कणाच होत्या. वायव्येकडचा कोष्ठ आणि जटामांसी मात्र कुषाणांच्या मुलखातून उज्जैनमार्गे उतरत. तक्षशिलेकडून मथुरेकडे येणारी मोठी वाट आजच्या दिल्लीच्या पट्ट्यातून जायची. प्लिनीला यमुना ठाऊक होती, मथुराही ठाऊक होती. दोन्ही नावे त्याने लिहून ठेवली आहेत. रोमशी व्यापार म्हटला की पाठ्यपुस्तके दक्षिणेतल्या अरिकमेडू आणि मुझिरिस या बंदरांवर थांबतात. दक्षिणेत रोमन नाण्यांचे हंडे निघाले, उत्तरेत फार थोडी नाणी सापडली, हे त्याचे कारण. पण नाणे नाही म्हणून संबंध नाही, असे मानणे चूक आहे.

त्याचा पुरावा जनपथावरच्या राष्ट्रीय संग्रहालयात उभा आहे. मथुरेजवळच्या महोली गावातले, कुषाण काळातले हे शिल्प, ठिपक्यांच्या तांबड्या दगडातले. एक तरुण स्त्री मद्याने झिंगून गुडघ्यांवर आली आहे. तिचा तोल गेला आहे, तिला सावरायला हात पुढे आले आहेत, शेजारी पेला घेतलेली मुलगी आहे. खाली कोसळणाऱ्या देहाचे वजन दगडात असे पकडणे सोपे नाही. भूमध्य समुद्राकाठी मद्याचा देव बाखुस आणि त्याच्या झिंगलेल्या सोबत्यांची शिल्पे घरोघरी होती. मथुरेच्या कारागिराने विषय तिकडचा ऐकला असेल, पाहिला असेल. पण स्त्रीचे अलंकार, बांधा आणि चेहरा इथलाच. यक्ष आणि कुबेर यांच्या हातातही पेला असायचाच. त्यामुळे ही नक्कल म्हणता येत नाही. दोन्हीकडच्या घरगुती आनंदाची इथे गाठ पडली आहे.

उलट दिशेची खूणही आहे. १९३८ साली पॉम्पेईच्या एका घरात हस्तिदंताची भारतीय स्त्रीमूर्ती निघाली. उंची सुमारे २५ सेंटिमीटर. तिच्या दोन बाजूंना दोन लहान दासी आहेत. ती आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. पूर्वी तिला मथुरेची मानत. पुढे तेरची हस्तिदंती बाहुली आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनचा तसाच तुकडा पुढे आला आणि तिचे माहेर दख्खनमध्ये असावे, असे अनेक अभ्यासकांना वाटू लागले.

दिल्लीच्या आसपास रोजचा पैसा कसा तयार व्हायचा, हे रोहतकने दाखवले. १९३६ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी रोहतकच्या खोकराकोट टेकाडावर फिरत असताना त्यांना भाजक्या मातीचे ठसे दिसले. पुढे असे हजारो तुकडे मिळाले. ते यौधेय गणाच्या नाण्यांचे साचे होते. मातीच्या चकतीला मध्ये भोक, त्याभोवती नाण्यांचे खळगे, भोकापासून खळग्यांपर्यंत बारीक पन्हळी. अशा चकत्या एकावर एक रचायच्या आणि वरून वितळलेला धातू ओतायचा. एका ओतणीत कितीतरी नाणी. रोमन टांकसाळीत प्रत्येक नाणे हातोड्याच्या घावाने पाडत. साहनींनी १९४५ मध्ये यावर लिहिलेला ग्रंथ आजही प्रमाण मानला जातो. जीवाश्म तपासणाऱ्या नजरेने त्यांनी हे साचे तपासले, म्हणूनच त्यातली कृती उलगडली.

देवांच्या बाबतीत दोन्हीकडचे लोक सारखेच मोकळे होते. रोमन घराच्या स्वयंपाकघराजवळ छोटा देव्हारा असे. त्यात घराचे रक्षण करणारे दोन लारेस आणि बहुधा खाली वेदीकडे सरपटत येणारा नाग रंगवलेला. मथुरेजवळच्या सोंख इथे हर्बर्ट हर्टेल यांनी १९६६ ते १९७४ या काळात खणले, तेव्हा कुषाण काळातले नागाचे देऊळच निघाले. कुषाणांच्या नाण्यांवर शिव आहे, बुद्ध आहे, मिइरो हा सूर्यदेव आहे; त्याच देवाचे नाव घेऊन रोमन सैनिक तळघरांत मिथ्रासची पूजा करत. हुविष्क या कुषाण राजाच्या नाण्यावर तर इजिप्तचा सेरापिसही येतो. कुषाणांचे सोन्याचे नाणे सुमारे आठ ग्रॅमचे, ऑगस्टसच्या सोन्याच्या नाण्याच्या वजनाशी मिळतेजुळते, आणि आपल्या जुन्या ग्रंथांतला ‘दीनार’ हा रोमन देनारियुसच.

नॉर्थ आणि साउथ ब्लॉकमध्ये नवे राष्ट्रीय संग्रहालय उभारण्याचे सरकारने ठरवले आहे. नव्या दालनांत सोन्याची नाणी अग्रभागी ठेवली जातील, यात शंका नाही. पण त्यांच्या शेजारी पुराना किल्ल्यातले ठसे उमटवलेले तांबडे मडके, रोहतकचा साचा, नेवाशाला सापडलेल्या रोमन कुंभांची खापरे आणि महोलीची ती स्त्री एका रांगेत मांडली गेली पाहिजेत. शाळेची सहल आली तर मुलांना त्या रांगेसमोर थोडा जास्त वेळ थांबू द्यावे.