पदवीचा विद्यार्थी आणि गावाची संहिता

१

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमांचा जो आराखडा प्रसृत केला, त्यात चार वर्षांच्या, १६० श्रेयांकांच्या पदवीची तरतूद आहे. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा त्याहून अधिक गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प करून 'संशोधनासह ऑनर्स' ही पदवी घेता येते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमधील नियमावलीने एम.फिल. ही पदवी बंद केली. एम.फिल.च्या निमित्ताने लिहिली जाणारी प्रबंधिका अशा रीतीने एक पायरी खाली, पदवीच्या उंबरठ्यावर आली. महाराष्ट्रात संलग्न महाविद्यालयांत नवा आकृतिबंध २०२४-२५ पासून लागू झाला; म्हणजे मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रे शिकणाऱ्या खेड्यापाड्यांतील विद्यार्थ्यांसमोर हा लेखनप्रकार लौकरच येऊन ठेपणार आहे.

या बदलाची चर्चा आजवर बहुतांशी प्रशासकीय भाषेत झाली आहे. मार्गदर्शक किती, ग्रंथालये कशी, श्रेयांक कोणते, हे प्रश्न अर्थातच गैरलागू नाहीत. परंतु प्रबंधिका हा एक लेखनप्रकार आहे आणि प्रत्येक लेखनप्रकाराप्रमाणे तिलाही पूर्वपरंपरा असते. शिरूर तालुक्यात, भीमेच्या काठी, रासाई देवीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वडगाव रासाईतून एखादी विद्यार्थिनी महाविद्यालयात आली आणि तिने आपल्याच गावावर प्रबंधिका लिहावयास घेतली, तर तिच्या हाती कोणते गद्य येते? 'कोण बोलतो आणि कोणाविषयी बोलतो' या समीक्षेच्या जुन्या प्रश्नाचेच हे एक रूप आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी मराठी प्रदेशातील पदवीशिक्षणाचा इतिहास एका विशिष्ट अंगाने वाचावा लागतो.

२

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. महाविद्यालयांनी शिकवावे आणि विद्यापीठाने परीक्षा घ्यावी, अशी ही विभागणी होती. १८६२ मध्ये बी.ए. झालेल्या पहिल्या चौघांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. रानड्यांनी ऑनर्सची परीक्षाही दिली. मात्र या ऑनर्सचा अर्थ अधिक प्रश्नपत्रिका आणि अधिक कठीण ग्रंथ एवढाच होता. विद्यार्थ्याने स्वतः प्रश्न उभा करावा, साधने जमवावीत आणि निष्कर्षाची जबाबदारी घ्यावी, ही अपेक्षा त्यात अंतर्भूत नव्हती. 'ऑनर्स' हा शब्द गुणवत्तेचा निदर्शक होता. लेखकत्वाशी त्याचा संबंध नव्हता.

लेखकत्वाचा प्रश्न उपस्थित झाला तेव्हा काय घडले, याची रानड्यांच्या चरित्रकारांनी नोंदविलेली एक हकीकत बोलकी आहे. एल्फिन्स्टनमध्ये विद्यार्थी असताना त्यांनी एका निबंधात मराठी राज्याची इंग्रजी अमलाशी तुलना केली आणि ती राज्यकर्त्यांना अनुकूल नव्हती. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांना समज दिली आणि त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद झाली. ग्रँट हे रानड्यांचे चाहते होते, हे येथे विसरता कामा नये. म्हणूनच ही घटना व्यक्तिगत आकसाची ठरत नाही. परीक्षेच्या व्यवस्थेत निबंध ही आत्मसात केलेल्या ज्ञानाची पावती असते. त्या पावतीच्या जागी विद्यार्थ्याने स्वतःचे ऐतिहासिक विधान मांडले, की व्यवस्थेला ते शिस्तभंगासारखे भासते. 'राइझ ऑफ द मराठा पॉवर' हा रानड्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला १९०० मध्ये. विद्यार्थ्याच्या निबंधात ज्या विषयाला जागा नव्हती, त्याला ग्रंथरूप मिळण्यास जवळजवळ चार दशके लागली आणि तेही विद्यापीठीय अभ्यासक्रमाच्या बाहेर.

३

हे 'बाहेर' पुण्याच्या बौद्धिक इतिहासात विशेष अर्थपूर्ण आहे. 'संशोधक' या शब्दाभोवती मराठीत जे वलय आहे, ते वि. का. राजवाडे यांच्यासारख्यांमुळे. राजवाडे डेक्कन कॉलेजचे बी.ए. होते, त्यापुढील कोणतीही विद्यापीठीय पदवी त्यांच्याजवळ नव्हती. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. दप्तरे शोधीत गावोगाव फिरण्याची, कागद पारखण्याची, प्रस्तावना लिहिण्याची जी शिस्त येथे घडली, ती पदवीच्या वर्गाने शिकविलेली नव्हती. पदवीधर संशोधन करू शकतो, हे मराठी समाजाने असे फार पूर्वी सिद्ध केले होते. पदवीच्या अभ्यासक्रमात मात्र ते शिरू शकले नाही.

पुढे तर ही फारकत वास्तूंच्या रूपानेच दृश्य झाली. डेक्कन कॉलेज १९३४ मध्ये बंद झाले आणि १९३९ मध्ये उघडले ते पदव्युत्तर आणि संशोधन संस्था म्हणून. ज्या आवारात पदवीचे विद्यार्थी शिकत होते तेथे आता भाषाशास्त्र, पुरातत्त्व आणि समाजशास्त्र यांचे संशोधन सुरू झाले. पदवीचा विद्यार्थी मात्र त्या आवारातून गेला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर (१९१७) आणि गोखले अर्थशास्त्र संस्था (१९३०) यांचीही रचना पदवीच्या वर्गापासून दूरच होती. पुणे विद्यापीठाच्या तृतीय वर्ष कलाशाखेत पुढे 'जनरल' आणि 'स्पेशल' अशी विषयांची वाटणी रूढ झाली. 'स्पेशल' हा एका अर्थी जुन्या ऑनर्सचाच वारस. त्यानेही प्रश्नपत्रिकांची संख्या वाढविली, प्रश्न विचारणारा बदलला नाही.

अपवाद दिसतो तो एका पायरीवर वर. इरावती कर्वे फर्गसनमधून १९२६ मध्ये बी.ए. झाल्या आणि मुंबईत गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी एम.ए.साठी चित्पावन ब्राह्मणांवर प्रबंध लिहिला (१९२८). ज्या समाजात आपण वावरतो त्यालाच अभ्यासविषय करणे, हे धाडस येथे विद्यापीठाने मान्य केले. परंतु ही मान्यता मिळाली तेव्हा विद्यार्थिनी पदवीची पायरी ओलांडून गेलेली होती.

४

गाव या विषयाकडे वळताना दोन समकालीन प्रयोग शेजारी ठेवून पाहणे उद्बोधक ठरते. मद्रास विद्यापीठात १९१५ मध्ये भारतीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आलेल्या गिल्बर्ट स्लेटर यांनी विद्यार्थ्यांना प्रश्नावली देऊन सुटीत आपापल्या गावांची पाहणी करण्यास सांगितले. त्यातून 'सम साउथ इंडियन व्हिलेजेस' हा ग्रंथ १९१८ मध्ये निघाला. याच गावांची फेरपाहणी १९४० मध्ये प्रसिद्ध झाली आणि नंतरच्या अभ्यासकांनीही ती पुन्हा पुन्हा केली. विद्यार्थ्यांनी सुटीत केलेले काम पिढ्यान्‌पिढ्यांच्या अभ्यासाची आधाररेषा ठरले, ही गोष्ट पदवीपातळीवरील संशोधनाला 'सराव' समजणाऱ्यांनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

दुसरा प्रयोग पुण्याचा. कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी सहकाऱ्यांसह पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून 'लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज' हा अहवाल १९१७ मध्ये प्रसिद्ध केला. शहराजवळच्या या गावाचे निष्कर्ष कोरडवाहू दख्खनला लागू पडतील काय, ही शंका रास्त होती. तेव्हा एन. व्ही. कानिटकर यांच्यासह मान यांनी दुसरे गाव घेतले ते शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक. हा अहवाल १९२१ मध्ये निघाला. दोन्ही अहवाल मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्रीय मालेत समाविष्ट झाले. वडगाव रासाई ज्या तालुक्यात आहे, तो तालुका अशा प्रकारे भारतीय ग्रामपाहणीच्या आरंभकाळीच विद्यापीठीय संहितेत दाखल झालेला आहे.

मान यांच्या गद्याचे सामर्थ्य निर्विवाद आहे. पिंपळे सौदागरमधील सरासरी धारणक्षेत्र १७७१ मध्ये ४० एकर होते, ते १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आले, हा निष्कर्ष वसाहतकालीन दारिद्र्याच्या चर्चेत वारंवार आला. डॉ. आंबेडकरांनी लहान धारणक्षेत्रांवरील १९१८ च्या आपल्या निबंधात याच चर्चेला छेद दिला. जमिनीचा तुकडा लहान की मोठा हे केवळ एकरांवर ठरत नाही, त्यावर लागणाऱ्या भांडवलाच्या आणि श्रमाच्या प्रमाणावर ठरते, हा त्यांचा युक्तिवाद. पाहणीतील आकडा स्वतः बोलत नाही, त्याच्याकडून बोलवून घ्यावे लागते, याचे इतके स्वच्छ उदाहरण त्या काळात दुर्मिळ आहे.

तथापि संहिता म्हणून वाचताना जातेगावच्या अहवालातील मौनही ऐकू येते. तेथे कुटुंबे आहेत, कर्ज आहे, पिके आहेत, बैल आहेत; परंतु गाव बोलत नाही. पाहणी करणारे कृषी महाविद्यालयातून आलेले, वाचणारे इंग्रजी जाणणारे. मद्रासच्या प्रयोगात निदान पाहणारा त्या गावचा मुलगा होता. शिरूरच्या गावाला मात्र ती संधी मिळाली नाही.

५

याच सुमारास मराठीत गावाविषयीचे वेगळे गद्य अस्तित्वात होते. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गांवगाडा' १९१५ मध्ये, म्हणजे मान यांच्या पहिल्या अहवालाच्या दोन वर्षे आधी प्रसिद्ध झाला. त्यात कोष्टकांचे प्राबल्य नाही. शब्दांची मात्र रेलचेल आहे. वतन, बलुते, अलुते, हक्क, मानपान, फिरस्ते यांची वर्णने गावच्याच बोलीतून येतात आणि प्रत्येक शब्दामागे एक व्यवहार उभा राहतो. जे मान यांनी एकरांत आणि रुपयांत मोजले, ते आत्र्यांनी नामांत आणि क्रियापदांत पकडले. पण आत्र्यांना आदर्श ठरविण्याचा मोहही टाळला पाहिजे. ते महसूल खात्यात होते, आणि भटक्या जमातींकडे पाहणारी त्यांची दृष्टी अधिकाऱ्याची आणि उच्चवर्णीयाची आहे. भाषा आतली असली तरी स्थान वरचे असू शकते, हे 'गांवगाडा' नकळत शिकवितो.

तिसरा पाया त्याहूनही जुना आहे. 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) मध्ये जोतीराव फुल्यांनी शेतकऱ्याच्या घराचे, अंगावरच्या वस्त्राचे, जेवणाचे जे तपशील दिले, तेही एक पाहणीच होते. फरक एवढाच की तेथे तपशील आणि संताप यांची फारकत केलेली नाही. विद्यापीठीय गद्याने तपशील स्वीकारला आणि संताप वगळला. वगळल्याने वस्तुनिष्ठता साधली असे मानले गेले. वास्तविक वगळला गेला तो बोलणारा.

६

आता वडगाव रासाईच्या त्या कल्पित विद्यार्थिनीकडे परतता येईल. तिच्यासमोर विषयांची वाण नाही. भीमा ही शिरूर आणि दौंड या तालुक्यांमधली सीमा. एकाच नदीच्या दोन काठांवरील नातीगोती, बाजार आणि कचेऱ्या कशा विभागल्या गेल्या, हा इतिहासाचा विषय आहे. मान यांनी ज्याला कोरडवाहू म्हणून निवडले, त्याच तालुक्याच्या नदीकाठी आज ऊस उभा आहे. पाण्याने जमिनीच्या मालकीचे आणि मजुरीचे गणित कसे बदलले, हा अर्थशास्त्राचा विषय. रासाईचे देऊळ, नवरात्र, मानकऱ्यांचा क्रम यांत समाजशास्त्र आहे, आणि आजीच्या ओव्यांत साहित्य. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी पुणे जिल्ह्यातून सुरू केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संकलनात आज एक लाखांहून अधिक ओव्या आहेत, आणि त्यात ओवीबरोबर गाणारणीचे नाव आणि गाव नोंदले जाते. जातेगावच्या अहवालात कुटुंबाला गट होता. येथे बाईला नाव आहे. पद्धतीतील हा फरक नैतिक आहे आणि वाङ्मयीनही आहे.

या विद्यार्थिनीला वारशाने मिळणारी साधने अशी तीन आहेत : मान यांचे कोष्टक, आत्र्यांचा शब्द आणि फुल्यांचा प्रश्न. धोका असा, की चौथ्या वर्षाची प्रबंधिका यांपैकी पहिल्याचीच, तीही निर्जीव, नक्कल होईल. 'प्रस्तावना, उद्दिष्टे, गृहीतके, नमुना निवड, निष्कर्ष, शिफारशी' हा साचा महाराष्ट्रातील प्रबंधलेखनाला इतका परिचित आहे, की गाव कोणतेही असो, प्रकरणे तीच राहतात. पन्नास उत्तरदात्यांपैकी एक तिची चुलती असते. प्रबंधिकेत तिला क्रमांक मिळतो. विद्यार्थिनीला जे ठाऊक आहे ते लिहिण्याची मुभा नसते, आणि जे लिहिले जाते ते तिला पूर्वी ठाऊक नव्हते असे भासवावे लागते. अमेरिकेत स्वार्थमोर महाविद्यालयाने फ्रँक एडलॉट यांच्या पुढाकाराने १९२२ मध्ये जो ऑनर्स कार्यक्रम सुरू केला, त्यात विद्यार्थ्यांची परीक्षा बाहेरून आलेले परीक्षक घेत, आणि त्यामुळे शिक्षक व विद्यार्थी एका बाजूला, प्रश्नाच्या बाजूला, येत. वडगाव रासाईवरील प्रबंधिकेचे एक परीक्षक विद्यापीठ नेमील. दुसरे परीक्षक गावात आहेत, कारण ती मराठीत लिहिली गेली तर गाव ती वाचू शकते. जातेगावला १९२१ मध्ये ही सोय नव्हती.

यातून आतला माणूस खरे सांगतो आणि बाहेरचा चुकतो, असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे होईल. आंबेडकरांनी मान यांची कोष्टके टाकून दिली नाहीत, ती वेगळ्या प्रश्नाच्या उजेडात वाचली. आत्रे आतले असूनही ज्यांना पाहू शकले नाहीत, ते लोक वडगाव रासाईतही असतील, आणि विद्यार्थिनीच्या स्वतःच्या घराच्या ओट्यावरून तेही तिला दिसणार नाहीत. म्हणूनच तिला कोष्टक लागेल : आपल्या परिचयाबाहेरच्या घरांपर्यंत जाण्यासाठी. आणि म्हणूनच तिला स्वतःचे स्थान लिहावे लागेल, अन्यथा कोष्टकाचा कर्ता अदृश्य होतो.

रानड्यांच्या निबंधाला शिक्षा झाली, कारण त्यात विद्यार्थी कर्ता होता. दीडशेहून अधिक वर्षांनंतर त्याच कर्तेपणाला १२ श्रेयांक देऊ केले गेले आहेत. शिक्षा करणारी व्यवस्था निबंध निदान वाचीत तरी होती. श्रेयांक देणारी व्यवस्था प्रबंधिका वाचणार आहे काय, की केवळ मोजणार आहे, यावर या नव्या लेखनप्रकाराचे भवितव्य अवलंबून आहे.